भरून पावलो! : आमच्या मंडळीच्या पंचांना खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब, खजिनदार आणि पास्टरेट कमिटीचे सर्व पंच यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपताना सूचना वाचल्या गेल्या. पहिली संडे स्कूलच्या सहलीची, दुसरी महिला मंडळाच्या सभेची आणि तिसरी मंदिराच्या दुरुस्तीची. पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं दर्शनी भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरणार, आणि लाखाच्या वर देणाऱ्यांचा फोटोही त्यात बसवणार. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की देवाच्या मंदिरात आपण आत्ता टाळ्या वाजवल्या त्या एका दरपत्रकाला.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या या कमिटीवर मी नऊ वर्षं खजिनदार होतो. शाळेत गणित शिकवत असे, म्हणून आकड्यांचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तेव्हा बाहेरचा कुणी दगड मारतोय असं समजू नका. या विषयावर कमिटीला दोन पत्रं दिली. दोन्ही ‘वाचून नोंद घेतली’ असा शेरा मारून फाइलला लागली. म्हणून हे उघडं पत्र. असाच दगड इतरही काही मंडळ्यांत बसतोय असं ऐकतो, त्यांच्या पंचांच्या डोळ्यांखालून हे गेलं तर बरंच.

माणसांची वाहवा नको असं सांगायला चारचौघांत पत्र लिहावं, यातली गंमत मला कळते. ‘मास्तरांनी काय झणझणीत लिहिलंय’ असं कुणीतरी म्हणावं ही इच्छा माझ्या पोटात आहेच. ती आहे म्हणून तर या दुखण्याची लक्षणं मला ठाऊक आहेत. आधी माझंच सांगतो.

मी कमिटीवर येण्याआधीची गोष्ट. छपराची कौलं बदलायची होती. मी पाच हजार एक दिले. तेव्हाच्या माझ्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. बायकोशी दोन दिवस बोलणं झालं, मग दिली. नावं वाचणार होते त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला आणि नेहमीचा मागचा बाक सोडून मधल्या बाकावर बसलो. यादी आडनावांच्या क्रमाने होती. माझ्या आधीचं आडनाव आलं, माझ्या नंतरचं आलं, माझं गळलं. नेमका प्रभुभोजनाचा रविवार होता. पाळकसाहेब भाकर मोडत होते आणि मी मनातल्या मनात सेक्रेटरीशी भांडत होतो. वेदीपाशी गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला, परत येऊन बसलो. त्यातलं काहीही मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्यापुढे गुडघे टेकलेल्या माणसाचं नाव यादीत दुसरं होतं.

पुढच्या रविवारी ‘नजरचुकीने राहिलेलं नाव’ म्हणून माझं नाव एकट्याचं वाचलं. सगळ्या मंडळीनं वळून पाहिलं. फार बरं वाटलं. प्रत्यक्ष पैसे दिले तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच वाक्य तीनदा सांगितलं आहे. लोकांनी पाहावं म्हणून जे करतात ते आपलं प्रतिफळ ‘भरून पावले आहेत’. मत्तयाचा सहावा अध्याय लहानपणापासून पाठ, पण या दोन शब्दांवर मी खजिनदार झाल्यावर अडखळलो. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत जुने कागद होते, सावकाराचं देणं फिटल्यावर लिहून घेतलेले. त्यांवर हेच शब्द: अमुक रक्कम भरून पावलो. म्हणजे बाकी काही नाही, पुढे मागणं नाही, खातं बंद. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे, तोही इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसवरच्या जुन्या पावत्यांवर त्याच अर्थानं येतो. मराठी भाषांतरकारांनी नेमका बाजारातला शब्द उचलला, त्यांना सलाम.

कर्णा वाजवून दान करणाऱ्याला प्रभू तिथे नरकाची भीती घालत नाही. तुला हवं होतं ते तुला मिळालं, सही कर आणि जा, एवढंच सांगतो. मला ती शिक्षेहून कठीण वाटते. माझे पाच हजार एक त्या रविवारी भरून पावले. वरच्या खात्यात त्यातलं काही शिल्लक असेल असं मला वाटत नाही.

आता आपल्या हंगामाच्या सणाकडे येतो, कारण नव्या दगडाची मुळं मला तिथे दिसतात.

त्या दिवशी देवाला वाहिलेल्या वस्तूंचा जो लिलाव होतो, त्याला माझा विरोध नाही, उलट तो मला आवडतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाची मोळी बांधलेली, खाली ज्वारीची कणसं, बाजरी, अंड्यांची टोपली, घरचा केक, लोणच्याची बरणी. पाय बांधलेली कोंबडी उपदेशाच्या ऐन रंगात ओरडते आणि पोरं हसतात. उपासना झाली की अंगणात बोली. एखादा माणूस कोपरगावाहून मुद्दाम येतो आणि दरवर्षी त्याच घरचं लोणचं दुप्पट भावानं नेतो. यात वाईट काय आहे?

तीन वर्षांमागे एका आजींनी डांगर आणलं. परसातल्या वेलाचं, चार-साडेचार किलोचं, देठ शाबूत. पन्नासपासून बोली सुरू झाली. दोनशेपर्यंत चार-पाच जण होते, मग दोघंच उरले, आणि ते दोघं कोणत्या दोन घरांतले हे मी सांगायला नको. पाचशेला लोक हसत होते. दोन हजारांना हसणं थांबलं. पाच हजारांना मोबाइल वर आले. अकरा हजारांना एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि टाळ्यांचा कडकडाट. हार आला. डांगर हातात घेऊन फोटो झाला. आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, त्यांना सांगा, भाजी नको, घारगे करा म्हणावं. गोड आहे ते.”

फोटो झाल्यावर डांगर पायरीवरच राहिलं. उतरवताना आपटून त्याला भेग गेली होती. बुधवारी प्रार्थनासभेला गेलो तर ते वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या खोलीत, खुर्चीखाली. नाताळच्या कॅरलचा सराव त्याच खोलीत झाला, तेव्हाही तिथेच. जानेवारीत खालून पाणी सुटलं, वास येऊ लागला, तेव्हा आपल्या घंटा वाजवणाऱ्या भाऊंनी ते मागच्या उकिरड्यावर टाकलं. अकरा हजारांची भाजी कुणीच खाल्ली नाही. पैशांसाठी मी खजिनदार म्हणून ईस्टरपर्यंत फोन करत होतो. चार हप्त्यांत नऊ हजार आले.

पुढच्या वर्षी आजींनी डांगर आणलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, यंदा वेलच आला नाही. आला होता. त्यांच्या कुंपणावरून मला दिसला होता.

तुम्ही म्हणाल, मास्तर, नावं वाचली की वर्गणी वाढते. वाढते! हे मी नाकारत नाही. पुलपीटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, नावं रकमेसह वाचायची पद्धत माझ्याच काळात सुरू झाली आणि पहिल्या वर्षी जमा खरोखर वाढली. पण दुसरीही एक गोष्ट वह्यांत दिसते. ज्यांना शंभर-दोनशेच जमायचे, त्यांची पाकिटं हळूहळू थांबली. आकडा मोठ्यानं वाचणार असाल तर लहान आकड्याचा माणूस तो द्यायला लाजतो. यरुशलेमच्या मंदिरात, मिश्ना हा यहुद्यांचा जुना ग्रंथ सांगतो त्याप्रमाणे, दानासाठी तेरा पेट्या होत्या, कर्ण्याच्या आकाराच्या. मोठी नाणी पडली की खणखणाट होत असणार. त्यातच शुभवर्तमानातल्या त्या गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या. सबंध दिवसाच्या मजुरीचा, म्हणजे एका दिनाराचा, तो चौसष्टावा हिस्सा. त्याचा कसला आवाज येणार? पेटीसमोर बसलेल्या प्रभूनं तो ऐकला आणि शिष्यांना जवळ बोलावून दाखवला. आपल्याकडे ती आली असती तर पंचवीस हजारांच्या अटीत बसली नसती, हे सरळ दिसतंय.

गुप्तदानाचं म्हणाल तर तीही आपण मोठी मौज करून ठेवली आहे. एका वर्षी छापील अहवालात आलं, ‘गुप्तदान, रुपये पंधरा हजार’. दाते स्वतःच चहाच्या वेळी प्रत्येकाला विचारत फिरत होते, “कुणी दिले असतील हो?” आणि मग ओठ दाबून हसायचे. नाताळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलंय. इथे उजव्यानं डाव्याला कोपरखळी मारली. मी हसतो खरा, पण नाव न सांगूनही नाव मिळवता येतं हे त्यांनी मला शिकवलं. दगड काढला की मन आपोआप शुद्ध होईल, असं म्हणून मी फसणार नाही.

मग दगडाला हरकत का? सांगतो.

दगडावर नाव कोरणं ही रोमी साम्राज्याची जुनी खोड. ज्यानं रस्ता बांधला, नाट्यगृह बांधलं, त्याचा शिलालेख. करिंथ शहरात नाट्यगृहाजवळ १९२९ साली उत्खननात फरशीवरचा असा एक लेख सापडला: एरास्त नावाच्या माणसानं अधिकारपदाच्या बदल्यात ही फरशी स्वखर्चानं घातली. प्रेषित पौलानं रोमकरांस पत्र लिहिलं ते करिंथातूनच, आणि त्याच्या शेवटच्या अध्यायात एरास्त नावाचा नगराचा खजिनदार सलाम सांगतो. दोन्ही एरास्त एकच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. एकच असेल तर फार मजा. नसला तरी माझं काम होतं. कारण पत्रातल्या त्या ओळीत एरास्ताच्या पुढेच दुसरं नाव आहे: बंधू क्वर्त. त्याला पद नाही, त्यानं फरशी घातल्याचंही कुठे नाही. नगराचा खजिनदार आणि एक नुसता भाऊ, एकाच ओळीत. माजी खजिनदार म्हणून मला त्या ओळीत दोन्हींपैकी कुठेही जागा चालेल.

इथे माझ्याविरुद्ध बोलणारं वचनही मीच पुढे ठेवतो, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी ठेवेलच. त्याच अध्यायात पौल नावांमागून नावं घेतो: फिबी, प्रिस्का, अक्विला, मरिया, पर्सिस. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात तर यरुशलेमच्या कोटाचा कोणता भाग कुणी बांधला त्याची यादीच आहे. मग नाव घेणं पाप कसं? नाहीच मुळी. पण पौलाची यादी एकदा खजिनदाराच्या डोळ्यांनी वाचा. ‘पुष्कळ श्रम केले’, ‘माझ्या जिवासाठी आपली मान दिली’, ‘त्याची आई मलाही आईसारखी’ असलं काहीबाही त्यात आहे. रक्कम एकाही नावापुढे नाही, आणि अमुक इतकं केल्याशिवाय नाव यादीत येणार नाही अशी अटही नाही. कुणाची आई आपल्याला आईसारखी झाली, हे ग्रॅनाइटवाल्याला अक्षरी दर लावून कसं कोरायला सांगणार?

तुमचा प्रकाश लोकांसमोर पडो, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावी, हेही त्याच प्रवचनात आहे, मत्तयाच्या पाचव्यात. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघाली आहेत. पण पाचव्यातलं वाक्य शेवटी जातं कुठे ते पाहा: लोकांनी पाहून ‘तुमच्या स्वर्गातील पित्याचं’ गौरव करावं. मंदिराची भिंत नीट उभी राहिली, गळणारं छप्पर थांबलं, ते लोकांना दिसेलच. त्यासाठी माझं नाव आणि फोटो दिसायला लागत नाही.

देणगीदाराबद्दल शुभवर्तमानात एक गोष्ट आहे, ती आपल्या कमिटीच्या खोलीत मोठ्यानं वाचली जावी असं मला फार वाटतं. लूकचा सातवा अध्याय, कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी. त्याचा दास आजारी. तो यहुद्यांच्या वडिलांना येशूकडे पाठवतो. वडील येऊन काय म्हणतात? हा माणूस योग्य आहे. यानं आमचं सभास्थान, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, बांधून दिलं. म्हणजे पंचमंडळींनी देणगीदाराची शिफारस केली, देणगीच्या उल्लेखासकट. अगदी आपल्यासारखी. आणि येशू घराजवळ येतो तेव्हा तोच माणूस मित्रांकरवी निरोप धाडतो: आपण माझ्या छपराखाली यावं इतका मी योग्य नाही. वडील म्हणतात योग्य, तो म्हणतो अयोग्य. सभास्थानाचा उल्लेखही तो करत नाही. प्रभूला नवल वाटलं ते त्याच्या विश्वासाचं. एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही, असं तो मागून येणाऱ्या लोकांकडे वळून म्हणाला. सभास्थान बांधून दिल्याबद्दल प्रभूच्या तोंडून चकार शब्द नाही. कफर्णहूमात आजही जुन्या सभास्थानाचे अवशेष आहेत. वरचं पांढऱ्या चुनखडीचं बांधकाम बरंच नंतरचं, त्याखाली काळ्या बसाल्टच्या भिंती. आपल्याकडच्यासारखाच काळा दगड. या शताधिपतीचं नाव काय होतं, ते लूक सांगत नाही.

आता उलट बाजूचं थोडं, कारण तिकडेही खड्डा आहे. ‘मला माणसांची पर्वा नाही, मी देवालाच जबाबदार’ असं म्हणणारे आपल्यात वाढलेत. हिशेब विचारला की हे वाक्य येतं. वहिनींना सभेत टाकून बोलले, कुणी समजवायला गेलं, की हेच वाक्य. गलतीकरांच्या पहिल्या अध्यायातलं दहावं वचन (मी माणसांना खूश करत राहिलो असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो) असं ढालीसारखं पुढे करणाऱ्यांनी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्यायही वाचावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा पौल एकट्यानं नेत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एक भाऊ पाठवतो, मंडळ्यांनी निवडलेला, म्हणजे पैशाबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. प्रभूच्या दृष्टीनंच नव्हे, माणसांच्याही दृष्टीनं जे बरं, त्याची आम्ही काळजी घेतो, असं तो लिहितो. गंमत म्हणजे सर्व मंडळ्यांत वाखाणलेल्या त्या भावाचं नाव पौल घालत नाही. पावती हवी, ऑडिट हवं, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेवर जायला हवा, नोटीसबोर्डावर जमाखर्च लागायला हवा. माणसांना हिशेब देणं वेगळं आणि माणसांकडून शाबासकी घेणं वेगळं. पहिल्याचा आपल्याला कंटाळा येतो, दुसऱ्याची हौस.

पाळकसाहेब, तुमच्याशी दोनच वाक्यं. उपदेशाचं थेट प्रक्षेपण सुरू झाल्यापासून तुमची नजर मधूनमधून मोबाइलच्या तिवईकडे जाते, किती जण पाहतायत ते बघायला. मी वयानं मोठा आहे म्हणून लिहिण्याचं धाडस करतो. बाकी तुम्ही आणि प्रभू पाहून घ्या.

माणसांची मर्जी गेल्यावर काय होतं, हे पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावला जावं. आपल्या नगरचं नव्हे, पुणे-दौंड लोहमार्गावरचं. रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं तेव्हा त्या अवघ्या विशीतल्या होत्या. एवढी वाहवा त्या काळात दुसऱ्या कोणत्या स्त्रीच्या वाट्याला आली असेल असं मला वाटत नाही. पुढे इंग्लंडात १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि इकडची माणसं दुरावली. तिकडे, ज्यांच्याकडे त्या राहिल्या होत्या त्या वाँटेजच्या धर्मभगिनींना रमाबाईंचं स्वतःचं डोकं चालवणं पटेना. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. तिथे १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतात यावरून वादळ उठलं, आणि सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं. त्यात रानडे-भांडारकरांसारखी माणसं होती. म्हणजे हिंदू पुण्याची शाबासकी गेली, आणि चर्चची पूर्ण शाबासकी तर कधी मिळालीच नव्हती. दोन्हींपैकी एखादी परत मिळवायला त्यांना फार काही करावं लागलं नसतं. इकडे थोडी माघार किंवा तिकडे थोडी मान तुकवणं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून त्यांनी केडगावात आणल्या. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करायला बसल्या, तिथल्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल बांधून हाती आलं तेव्हा ते पाहायला त्या नव्हत्या. भाषांतर कसं झालं, यावर आजही आपल्यात दोन मतं आहेत. मला काही ठिकाणी ते खटकतं. पण त्या कामाला बसल्या तेव्हा माझं मत विचारायला थांबल्या नाहीत हे उत्तम झालं.

आणि आता इस्राएलचा पहिला राजा शौल. ‘दगड’ हा शब्द ऐकल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात अमालेकांवर जय मिळवून तो परत येतो. शमुवेल संदेष्टा सकाळी त्याला भेटायला निघतो, तर त्याला निरोप मिळतो, की शौल कर्मेलास गेला, तिथे त्यानं स्वतःसाठी एक स्मारक उभारलं आणि पुढे गेला. आज्ञा मोडली होती, चांगली मेंढरं-गुरं राखून ठेवली होती. ती ओरडत होती, शमुवेलाला ऐकू येत होती, आणि शौल म्हणत होता, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शेवटी कबूल करतो: लोकांना भिऊन मी त्यांचं ऐकलं. इथपर्यंत मला त्याची कीव येते, मीही कमिटीत कितीदा लोकांना भिऊन गप्प बसलोय. पण पुढचं वाक्य ऐका. राज्य गेलं हे कळून चुकलेलं आहे, शमुवेलाच्या झग्याचा काठ ओढताना त्याच्या हातात फाटून आला आहे, आणि तरी तो म्हणतो, मी पाप केलंय, तरी निदान वडीलजनांसमोर माझा मान राख, माझ्याबरोबर मागे फिर. देव सोडून गेला तरी चालेल, स्टेजवर शेजारी खुर्ची पाहिजे. शमुवेल त्याच्याबरोबर गेलाही. खुर्ची मिळाली. भरून पावला.

तर माझं मागणं असं. दगड लावायचाच असेल तर लावा. मंदिर कोणत्या साली बांधलं आणि दुरुस्ती कोणत्या साली झाली, एवढं त्यावर असू द्या. नावं, रकमा आणि फोटो नकोत. देणगीदारांच्या पावत्या आणि संपूर्ण जमाखर्च खजिनदारांनी नोटीसबोर्डावर लावावा, कुणालाही वही पाहता यावी. पुलपीटवरून नावं रकमेसह वाचायची माझ्या काळातली पद्धत बंद करावी. ती मी सुरू केली होती, म्हणून ती बंद करायचा ठराव मीच मांडायला तयार आहे. हंगामाचा लिलाव चालू ठेवा, पण वस्तू ज्यानं घेतली त्यानं ती त्याच दिवशी उचलून न्यावी, आणि पैसे हातोहात द्यावेत. गरिबांच्या घरचं जे येईल ते आधी त्यांना विचारून मग बोलीला काढा. फोटो घेतलाच तर फळांचा घ्या.

जमा कमी होईल ही भीती खरी आहे. पहिलं वर्ष-दीड वर्ष होईलही. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही; कळकळीनं विनंती मात्र आहे, की त्या वर्षात दर महिन्याला बोर्डावर आकडा जसा येईल तसा, लहान असला तरी, लावत राहा.

माझ्या मुलानं पुण्याहून त्याच्या आजोबांच्या नावानं तीस हजार पाठवले आहेत, पावती त्याच्याकडे पोचली. त्याच्याशी फोनवर बोललो. त्याला थोडं लागलं, आजोबांचं नाव मंदिरावर यावं असं त्याच्या मनात होतं. माझ्याही होतं. ते पैसे दुरुस्ती फंडातच राहू द्या, दगडाच्या यादीतून नाव काढा. माझे वडील या मंदिरात चाळीस वर्षं दरवाजाजवळच्या बाकावर बसले, कारण उशिरा येणाऱ्यांना जागा करून द्यायची त्यांना सवय होती. तो बाक दुरुस्तीत फेकून देऊ नका, त्याचा एक पाय हलतो, सुताराला दाखवा.

एक जुनी बाकी राहिली. डांगराच्या लिलावातले दोन हजार अजून येणे आहेत. खातेवहीत तारखेसह नोंद आहे, मी कार्यभार सोपवताना नव्या खजिनदारांना दाखवली होती. त्या घरी मी आता फोन करत नाही, तुम्ही एकदा करून पाहा. आणि या वर्षी वेल चांगला आलाय असं कळतं. आजींकडे पंचांपैकी कुणीतरी समक्ष जाऊन यावं.

आपला,
एक माजी खजिनदार
(कमिटीला दिलेल्या प्रतीवर पूर्ण नाव आणि सही आहे.)